कोठीतील मका आणि आम्ही

विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आमच्याही मनात प्रथम नेहमीचेच विषय आले. पहिली पत्र्याची खोली, विहिरीवरची पहाटेची रांग, भन्तेजींचा सकाळचा आवाज, पहिल्यांदा मिळालेली दोन जोड कपडे. हे सारे लिहिण्यासारखे आहे आणि आमच्यापेक्षा चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी ते लिहितीलच. आम्ही मात्र कोठीतील मक्याविषयी लिहिण्याचे ठरविले. त्यात आमची एक चूक आहे. ती चूक पाच वर्षे आम्ही कोणत्याही पालकसभेत सांगितली नाही. ज्यांची लेकरे त्या वर्षी आमच्या स्वाधीन होती, त्यांना ती कळण्याचा अधिकार आहे.

सुरुवात मात्र आमच्या विद्यार्थिदशेपासून करावी लागेल.

आम्ही आठवीत असतानाची गोष्ट. पावसाळा लांबला होता. गावातील एका सधन गृहस्थांनी वसतिगृहाला चार पोती मका दान दिला. पोती बैलगाडीतून आली तेव्हा आम्ही मुलांनी टाळ्या वाजविल्या, कारण त्या दिवसांत रात्रीच्या जेवणात भाकरी मोजून मिळत असे. स्वयंपाकघरातील मावशींनी पहिले पोते उघडले, मूठभर दाणे हातावर घेतले, नाकाशी नेले आणि पोत्याचे तोंड पुन्हा बांधून टाकले. दाण्यांच्या देठाशी हिरवट-पिवळी पूड होती. त्या वेळी कोठीची व्यवस्था ज्यांच्याकडे होती ते म्हणाले, "मावशी, धुऊन, उन्हात वाळवून दळून आणा. गरिबाच्या पोटाला सगळे पचते." मावशी काही न बोलता पोत्यावरच बसल्या. दळण गिरणीवर गेले नाही.

प्रकरण भन्तेजींपर्यंत गेले. त्यांनीही दाणे हातावर घेऊन पाहिले आणि चारही पोती परत पाठविली. जी वस्तू देणाऱ्याच्या घरी कोणी खाणार नाही, ती दान म्हणून घेता येत नाही, एवढेच त्यांनी आम्हांस सांगितले. पुढचे दोन आठवडे भाकरी आणखी लहान झाली. आम्ही मुले मावशींवर रागावलो होतो. आमच्यातील काहींनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. आमच्या लेखी बुरशी म्हणजे रंग आणि वास. भूक मात्र खरी होती.

मावशी अक्षरशत्रू होत्या. त्यांनी ते कोठून ओळखले, असे आम्ही फार वर्षांनी त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, "बाबा, आमच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या असलंच धान्य आलं. खळ्यावरचं मातीतलं, पेवात तळाला राहिलेलं, काळं पडलेलं. कोणतं खाल्ल्यावर पोरं आजारी पडतात ते आमच्या बायकांना नाही कळणार तर कुणाला?"

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या उत्तराचा अर्थ आम्हांस समजावयास हवा होता. आमचे आजोबा सांगत, मळणी झाल्यावर खळे झाडण्याचे काम आपले आणि झाडून जे निघेल तेही आपले. महाडच्या 1927 च्या परिषदेत डॉ. बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे तुकडे खाण्याचे सोडा, असे आपल्या लोकांना बजाविले होते. चवदार तळ्याच्या पाण्याइतकीच ही गोष्टही महत्त्वाची होती, हे आपण पुष्कळदा विसरतो. पाणी हा हक्काचा प्रश्न होता, तसा टाकाऊ अन्न नाकारणे हाही हक्काचाच प्रश्न होता. मावशी पोत्यावर बसल्या तेव्हा त्या महाडपासूनच्या परंपरेतच बसल्या होत्या. आम्हांस तेव्हा ते दिसले नाही.

पुढे आम्ही शिकलो. ज्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाले, त्याच वर्षी एम.ए. होऊन आम्ही याच विद्यालयात इतिहासाचे शिक्षक म्हणून परत आलो. यथावकाश कोठीच्या किल्ल्याही आमच्याकडे आल्या.

आता 2019 चे वर्ष. त्या दिवाळीत पडलेला अवकाळी पाऊस आपल्या भागातील पालक विसरले नसतील. काढणीला आलेला मका शेतातच भिजला; काही ठिकाणी कणसावरच दाण्यांना मोड आले. मोंढ्यात ओल्या मक्याला कोणी विचारीना. अशा वेळी एका आडत्याने आम्हांस निम्म्याहून कमी भावात दहा पोती देऊ केली. आम्ही मका आणला. स्वयंपाकघरातील ताईंनी पाहिला आणि म्हणाल्या, "सर, हा लेकरांना नको." आम्हांस आठवीतील प्रसंग आठवला. आम्ही तत्काळ होकार दिला आणि मनातून थोडे सुखावलोही, की आपण मावशींचा धडा विसरलो नाही.

त्यानंतर आम्ही तो मका भरडून कोंबड्यांना घातला.

विद्यालयाच्या मागे तेव्हा दीडशे-दोनशे कोंबड्या आणि सहा बदके होती. आठवड्यातून दोनदा मुलांना अंडी मिळत, ती या खुराड्यातूनच. माणसांना नको तर पक्ष्यांना, असा सरळ हिशेब आम्ही केला. तीन आठवड्यांत प्रथम बदके गेली. मग कोंबड्या पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागल्या, अंडी निम्म्यावर आली आणि रोज सकाळी खुराड्यात दोन-तीन मरून पडलेल्या दिसू लागल्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी एक कोंबडी उघडून पाहिली. यकृत सुजलेले आणि फिकट, पिवळसर होते. त्यांनी भरडा मागितला, वास घेतला आणि विचारले, "बदके आधी गेली का?" आम्ही होय म्हटले. ते म्हणाले, "अफ्लाटॉक्सिन. बदक हे सर्वांत आधी सांगते."

आम्ही पहिला प्रश्न अंड्यांचा विचारला. त्या तीन आठवड्यांत मुलांनी ती अंडी खाल्ली होती. डॉक्टर म्हणाले की, हे विष गाई-म्हशींच्या दुधात लक्षणीय प्रमाणात उतरते, अंड्यांत फारच थोडे येते; मुलांना धोका नसावा, पण अंडी व भरडा दोन्ही आजच बंद करा. आम्ही बंद केले. कोणी मूल आजारी पडले नाही. पण ती रात्र आम्ही झोपलो नाही आणि दुसऱ्या दिवशी कोणास काही सांगितलेही नाही. खुराड्यात रोग आला, एवढेच सर्वांना कळले. आज, या स्मरणिकेच्या पानावर, आम्ही ते सांगत आहोत. रोग खुराड्यात आला नव्हता. आम्ही तो पोत्यातून आणला होता.

अपराधी माणूस वाचू लागतो. आम्ही वाचू लागलो.

हे विष माणसाला कळले तेही पक्ष्यांच्याच मरणाने. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. कारण सापडेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' रोग असे नाव पडले. शोध घेता घेता तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि ती एक विष तयार करीत होती. बुरशीच्याच नावातील अक्षरे जोडून त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. त्याचे अनेक प्रकार आहेत. बी-1 हा सर्वांत घातक. यकृताचा कर्करोग करणारा निश्चित घटक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात ठेवले आहे. साध्या शिजविण्याने वा भाजण्याने ते नाहीसे होत नाही. म्हणजे 'धुऊन, वाळवून दळून आणा' हा आमच्या लहानपणीचा सल्ला सर्वस्वी चुकीचा होता.

मग आमच्या हाती पंचमहालचा वृत्तान्त आला आणि तेथे आम्ही थांबलो.

आपले विद्यालय सुरू झाले ते 1974 साली, हे आपण या वर्षी वारंवार ऐकत आहोत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांत मक्याच्या काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. तेथील भिल्ल आदिवासींचे मुख्य अन्न मका. ओला मका तसाच घरात साठविला गेला. थोड्याच दिवसांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी साचू लागले. गावातील कुत्रीही त्याच लक्षणांनी मरू लागली. तीही त्याच घरची भाकरी खात होती. दीडशेहून अधिक गावांतील सुमारे 400 माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी शंभराहून अधिक दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. कृष्णमाचारी, डॉ. रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरच्या मक्याचे नमुने तपासले. त्यांचा अहवाल मे 1975 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाधित घरांतील मक्यात किलोमागे सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅमच्या आसपास विष होते. आज आपल्या देशात धान्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका क्विंटलमध्ये अवघे दीड मिलिग्रॅम. त्या घरांतील मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता.

इतिहास शिकविताना आम्ही 1974 साल अनेकदा फळ्यावर लिहिले आहे. रेल्वेचा संप, पोखरणची चाचणी, बिहारचे आंदोलन. शंभराहून अधिक आदिवासी आपल्याच घरातील भाकरी खाऊन मेले, ही नोंद आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती आणि आम्हीही ती कधी केली नव्हती. तीस वर्षांनी, 2004 मध्ये, केनियाच्या पूर्व भागात हेच पुन्हा घडले. तेथे 317 जण आजारी पडले, 125 मृत्युमुखी पडले. तेथेही मकाच, तोही घरचाच, ओला साठविलेला. जेथे माणसाजवळ दुसरे धान्य विकत घेण्याची ऐपत असते तेथे तो वास आल्यावर पोते फेकून देतो. जेथे ती नसते तेथे तो दळतो.

या वाचनात आमच्या मनात एक प्रश्न राहिला. बुरशी धरणारच नाही असा मका का तयार करीत नाहीत? गव्हावरील तांबेऱ्याला दाद न देणारे वाण काढले, तसे येथे का नाही?

याचे उत्तर आम्हांस आपल्याच एका माजी विद्यार्थ्याकडून मिळाले. त्याने कृषी विद्यापीठातून वनस्पती पैदासशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात तो आला असता, कडुनिंबाखालच्या ओट्यावर आम्ही त्याला कोंबड्यांची सारी हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तांबेरा डोळ्यांना दिसतो. ज्या झाडावर आला ते उपटायचे, ज्यावर नाही आला त्याचे बी धरायचे. अफ्लाटॉक्सिन दिसत नाही. एका कणसात एका दाण्यात खूप आणि शेजारच्या दाण्यात काहीच नाही, असे असते. आणि एका वर्षी चांगले निघालेले वाण पुढच्या वर्षी ऊन वाढले की फसते."

त्याने जे समजावून सांगितले ते आमच्या भाषेत असे. ही बुरशी जमिनीत आणि पिकाच्या काडीकचऱ्यात राहते. तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर उडून कणसाच्या केसांवर बसतात आणि तेथून दाण्यापर्यंत पोहोचतात. किंवा अळीने पोखरलेल्या जागेतून आत शिरतात. दाणे भरण्याच्या काळात पावसाचा ताण आणि उष्णता असली की ती फोफावते. पूर्वी समजूत अशी होती की हा दोष केवळ साठवणुकीचा. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लक्षात आले की विष पुष्कळदा शेतातच, उभ्या पिकात तयार होते. घरात येते ते तेथूनच, आणि ओल मिळाली की वाढते. तेव्हा कोठी कितीही स्वच्छ ठेवली तरी अर्धे काम शेतातच करावे लागणार, हे स्पष्ट झाले आणि प्रतिकारक मक्याचा शोध सुरू झाला.

हा शोध चिकाटीचा आहे. मिसिसिपी राज्यातील अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी शेकडो वाणांच्या कणसांत, केस फुटल्यानंतर काही दिवसांनी, सुईने बुरशीचे बीजाणू स्वतःच टोचले. आजार यावा म्हणून मुद्दाम आणला आणि कोण टिकते ते पाहिले. कणसे पिकल्यावर वाळवून, दळून प्रत्येकातील विष मोजले. हेच दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या गावी पुन्हा केले. या कामातून 1990 मध्ये 'एमपी 313ई' ही ओळ जाहीर झाली. अफ्लाटॉक्सिनला दाद न देणारा पैदाशीचा स्रोत म्हणून दिलेली ती पहिली ओळ. पुढे 'एमपी 715', 'एमपी 717' आणि 'एमपी 719' आल्या.

"मग झाले की!" आम्ही म्हणालो.

तो हसला. "नाही सर. ही झाडे उंच वाढतात, उशिरा पिकतात, उत्पन्न कमी देतात. शेतकरी ती लावणार नाही. त्यांच्यातला प्रतिकार चांगल्या उत्पन्नाच्या मक्यात आणायचा म्हणजे पिढ्यान् पिढ्या संकर आणि निवड. आणि हा गुण एका जनुकाचा नाही. थोडा एकाचा, थोडा दुसऱ्याचा, असे पुष्कळ जनुक मिळून तो होतो. कुणात कणसाची साले घट्ट मिटलेली असतात, त्यामुळे अळी आत जात नाही. कुणाच्या दाण्यावरचा मेणाचा थर चांगला असतो. कुणाच्या दाण्यात बुरशीला रोखणारी प्रथिने जास्त असतात. सगळे एका झाडात गोळा करायचे आणि उत्पन्नही घटू द्यायचे नाही."

आम्हांस विशेष वाटली ती नायजेरियाची हकीकत. इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेतील अबेबे मेंकिर आणि अमेरिकेतील रॉबर्ट ब्राऊन यांनी 1998 च्या सुमारास एकत्र काम सुरू केले. आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातील ओळी आणि अमेरिकेतील प्रतिकारक ओळी यांचा संकर करून, दाण्यांवर प्रयोगशाळेत बुरशी सोडून, जे टिकले तेच पुढे नेले. त्यातून 2008 मध्ये 'टीझेडएआर 101' ते 'टीझेडएआर 106' या सहा ओळी जाहीर झाल्या. दोन खंडांतील मक्यांचे मिश्रण एकट्या-दुकट्यापेक्षा सबळ ठरले.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या भाषेत पिकाच्या वाणालाही 'जात' म्हणतात. मक्याची जात कोणती, असे आपण सहज विचारतो. आणि दोन जातींच्या मिश्रणाला म्हणतात 'संकर'. मनुस्मृतीच्या लेखी वर्णसंकर हा अधःपाताचा मार्ग. जे पुस्तक बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळले, त्या पुस्तकाला ज्या शब्दाची सर्वांत मोठी भीती, तोच शब्द आमच्या शेतकऱ्याच्या बियाण्याच्या पिशवीवर अभिमानाने छापलेला असतो: संकरित मका. 1908 मध्ये जॉर्ज शल यांनी दाखवून दिले की मका पिढ्यान् पिढ्या स्वतःच्याच परागाने फळविला तर तो खुजा आणि दुबळा होत जातो. अशा दोन दुबळ्या ओळींचा संकर केला की जोम परत येतो. माणसांच्या जाती या निसर्गाच्या जाती नव्हेत, आणि मक्यावरून माणसाचा कायदा काढणे शहाणपणाचे नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो. जातिव्यवस्था वंशसुधारणेसाठी आहे हा युक्तिवाद बाबासाहेबांनी 1936 मध्येच 'जातिनिर्मूलन' या निबंधात खोडून काढला होता. तरीही, शुद्धतेचा गर्व निसर्गातून उसना घेणाऱ्यांनी एकदा मक्याचे शेत पाहून यावे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

या सर्व प्रयत्नांनंतरही विषापासून पूर्णतः मुक्त राहील असा मका अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेला नाही. अन्य मार्गही चालू आहेत. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील मोनिका श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये असा जनुकीय बदल केलेला मका तयार केला, की जो आत शिरणाऱ्या बुरशीचे विष बनविण्याचे जनुकच बंद पाडतो. त्या दाण्यांत मोजता येण्याजोगे विष आढळले नाही. आफ्रिकेत, विष न बनविणारी त्याच बुरशीची स्थानिक भावंडे शेतात पसरून विषारी बुरशीला जागा मिळू न देण्याचा उपाय वापरात आला आहे. त्याचे नाव अफ्लासेफ. पण आमचा विद्यार्थी शेवटी जे म्हणाला ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

"सर, मोंढ्यात भाव वजनाला मिळतो. विष किती आहे हे कुणी विचारीत नाही. मग कमी विषाच्या वाणासाठी शेतकरी जास्त पैसे का देईल? आणि जे परदेशी पाठवायचे ते तपासून जाते. तपासणीत जे नापास होते, ते जाते कुठे?"

ते कोठे जाते, हे आम्हांस ठाऊक होते. दहा पोती आमच्या कोठीत आली होती.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे वैशिष्ट्य असे की, सर्वांत खालचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, आणि म्हणून प्रत्येकाला ती थोडीफार सोयीची वाटते. धान्याचीही अशीच उतरंड आहे. उत्तम ते बाजारात, मध्यम ते घरात, हलके ते मजुराला, आणि मजुराला नको ते जनावराला. मावशींनी ही उतरंड आपल्या पायरीवर नाकारली. आम्ही, शिकलेल्या मंडळींनी, ती एक पायरी खाली ढकलली आणि स्वतःला सुटलेले समजलो. मुलांच्या पानातून काढलेले विष आम्ही खुराड्यात टाकले आणि ते अंड्यांच्या वाटेने पुन्हा मुलांच्या पानाशी येऊन उभे राहिले. डॉक्टरांनी वेळेवर सांगितले म्हणून निभावले. ती दुभती म्हैस असती तर इतके सहज निभावले नसते. मुक्या प्राण्यांविषयीची करुणा आपण रोज वंदनेत म्हणतो. त्या वर्षी तिचा हिशेब आमच्याकडून चुकला. बदके बोलू शकत नव्हती म्हणून आम्ही त्यांना विचारले नव्हते.

त्यानंतर विद्यालयात काय बदलले, हे सांगून लेख संपवितो. कोठीसाठी दाण्यांतील ओलावा मोजण्याचे यंत्र घेतले आहे. 13 टक्क्यांहून अधिक ओल असलेला मका किंवा कोणतेही धान्य आत येत नाही, मग तो दानाचा असो वा विकतचा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवली जातात. शनिवारी दुपारी नववीची मुले-मुली सुपे घेऊन धान्य निवडतात. पूर्वी हे काम फक्त स्वयंपाकघरातील बायकांचे होते. आता मुलगेही बसतात. फुटका, सुरकुतलेला, रंग बदललेला, अळीने खाल्लेला दाणा बाजूला काढला की विषाचा बराचसा भाग त्याबरोबर निघून जातो, हे आता शास्त्राने सिद्ध झालेले आहे. सगळा जात नाही, कारण वरून चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही तो असू शकतो. म्हणून वाळवण, म्हणून तपासणी, म्हणून चांगले वाण. पण सूप हे या साखळीतील पहिले अवजार आहे. पैदासशास्त्रातही वाण काढण्याच्या जुन्या पद्धतीला 'निवड' असेच म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याने हे सांगितले तेव्हा आम्हांस पोत्यावर बसलेल्या मावशी आठवल्या.

बाजूला काढलेले दाणे आता कोंबड्यांना जात नाहीत. ते खड्ड्यात पुरले जातात.

आणि इतिहासाच्या तासाला, 1974 हे साल आले की, आम्ही फळ्यावर पंचमहाल आणि बांसवाडा ही दोन नावे लिहितो. मुले नकाशात ती शोधतात. एकदा एका मुलीने विचारले, "सर, त्यांना वास आला नसेल का?" आम्ही म्हणालो, "आला असेल." ती पुढे काही विचारीत नाही, पण शनिवारी सुपावर वाकलेली दिसते तेव्हा तिचे हात सावकाश चालतात.

सुवर्णमहोत्सवी निधीतून सिमेंटचा एक मोठा वाळवण-ओटा बांधावा, असा प्रस्ताव संस्थेसमोर आहे. विद्यालयाचे धान्य तर तेथे वाळेलच. अवकाळी पावसात आसपासच्या लहान शेतकऱ्यांनाही आपला मका तेथे पसरता येईल. मोठ्या सभागृहाच्या तुलनेत हे काम क्षुल्लक वाटेल. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्याचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. त्या ओट्याला मावशींचे नाव द्यावे, असे आम्हांस वाटते. त्या गेल्या तेव्हा आम्ही परीक्षेच्या कामात होतो आणि अंत्ययात्रेला उशिरा पोहोचलो. आठवीत आम्ही त्यांच्याशी दोन आठवडे बोललो नव्हतो, त्याची क्षमा मागावयाची राहिली आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.